संगणकाचा गृहपाठ आणि गुणांची विश्वासार्हता

पदवीच्या पहिल्या वर्षाला संगणकशास्त्र शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याला केव्हा ना केव्हा एक ठरलेला गृहपाठ मिळतो. दिलेल्या संख्या चढत्या क्रमाने लावणारा प्रोग्रॅम लिहा. प्रश्न दिसायला सोपा असतो, पण तो स्वतः सोडवताना विद्यार्थी हमखास अडखळतो. लूप एकदा कमी फिरते, दोन संख्यांची अदलाबदल करताना एक संख्या हरवते आणि चूक शोधण्यात संध्याकाळ निघून जाते. प्रोग्रॅम लिहिणे म्हणजे काय, याचा पहिला खरा धडा त्या संध्याकाळीच मिळतो. आज हाच प्रश्न मोबाइलवरील एखाद्या चॅटबॉटला विचारला तर काही सेकंदांत निर्दोष उत्तर हाती येते, सोबत ओळीगणिक स्पष्टीकरणही येते. ते उत्तर वहीत उतरवून सादर केले की पूर्ण गुण पडतात. संध्याकाळ वाचते, धडा मात्र राहून जातो.

संगणकाच्या अभ्यासक्रमांतील मूल्यमापनाचा प्रश्न या एका गृहपाठात सामावलेला आहे. गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत २०२३-२४ पासून पदवी स्तरावर नवे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाले. २०२४-२५ पासून बीसीए हा अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आला. विषयरचना, श्रेयांक, कौशल्याधारित अभ्यासक्रम यांवर त्या निमित्ताने पुष्कळ चर्चा झाली. वर्षभर मिळणारे अंतर्गत गुण कशासाठी दिले जातात आणि ते कितपत विश्वासार्ह आहेत, या प्रश्नाकडे मात्र तितकेसे लक्ष गेले नाही. गुणपत्रिकेवरची श्रेणी हाच ज्यांच्या हातातला एकमेव दाखला असतो, अशा सामान्य घरांतील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न सर्वांत निकडीचा आहे.

वार्षिक परीक्षेकडून सततच्या मूल्यमापनाकडे

१९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती आणि वर्षअखेरच्या लेखी परीक्षेवर जवळजवळ सारे काही अवलंबून असे. तीन तासांच्या एका पेपरात वर्षभराच्या अभ्यासाचा निकाल लागणे अन्यायाचे आहे, ही तक्रार तेव्हापासूनची आहे आणि ती रास्तही होती. सत्र पद्धत, चाचण्या, असाइनमेंट, सादरीकरणे, प्रकल्प ही सारी त्या तक्रारीला दिलेली उत्तरे होत.

विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांकावर आधारित निवड पद्धतीसाठी २०१५ च्या सुमारास दहा गुणांची श्रेणीपद्धत सुचवली. ‘ओ’ म्हणजे दहा, ‘ए प्लस’ म्हणजे नऊ, असे उतरत ‘पी’ म्हणजे चार आणि ‘एफ’ म्हणजे शून्य. त्याच काळात अंतर्गत मूल्यमापनाचा वाटाही वाढत गेला. शेजारच्या बेळगावात मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१५ च्या आराखड्यात अंतर्गत मूल्यमापनाला शंभरांपैकी २० गुण होते, २०१८ च्या आराखड्यात ते ४० झाले आणि २०२२ च्या आराखड्यात ५० वर गेले. अवघ्या सात वर्षांत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचे निम्मे भवितव्य त्याच्याच महाविद्यालयाच्या हाती आले.

यामागचा विचार चुकीचा नव्हता. राष्ट्रीय श्रेयांक आराखडा एका श्रेयांकामागे साधारण ३० तासांचे अध्ययन गृहीत धरतो. चार श्रेयांकांच्या विषयाचे म्हणजे १२० तास झाले. पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला चार व्याख्याने धरली तर वर्गात जेमतेम ६० तास भरतात. उरलेले ६० तास विद्यार्थ्याने स्वतः वाचावे, गृहपाठ करावा, चाचणीची तयारी करावी, अशी अपेक्षा आहे. थोडक्यात, निम्मे शिक्षण वर्गाबाहेर, कोणाचीही नजर नसलेल्या जागी व्हायचे आहे आणि त्या शिक्षणाचा पुरावा म्हणून गृहपाठ गोळा केला जातो. हा पुरावाच कच्चा ठरला तर वरची सारी इमारत हलते.

जर्नलची जुनी गोष्ट

याचा सगळा दोष चॅटबॉटच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. आपल्याकडच्या विज्ञान शाखेत शिकलेल्या कोणालाही ‘जर्नल’ हा शब्द ठाऊक असतो. प्रात्यक्षिकांची ही वही पूर्ण करून, त्यावर प्राध्यापकांची सही आणि प्रमाणपत्र घेतल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही. ती परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्याची वही समोर ठेवून रात्री जागून उतरवली जाते, हेही सर्वांना ठाऊक असते. संगणकाच्या विषयांत तर प्रोग्रॅम आणि त्याचे उत्तर दोन्ही कागदावर उतरवायचे असल्याने तो प्रोग्रॅम एकदाही न चालवता जर्नल पूर्ण करता येते. सही करणाऱ्यांनाही याची कल्पना असते.

हा रोग केवळ आपला नाही. विद्यार्थ्यांनी सादर केलेल्या प्रोग्रॅममधील साम्य हुडकून काढणारी ‘मॉस’ नावाची प्रणाली अमेरिकेत १९९४ मध्ये तयार झाली आणि पुढे जगभरातील संगणक विभागांत ती वापरली गेली. चलांची नावे बदलली, ओळींची मांडणी फिरवली तरी दोन प्रोग्रॅमचा सांगाडा सारखा असल्याचे ती दाखवून देते. अशी प्रणाली तीस वर्षांपूर्वीच लागली, याचा अर्थ गृहपाठाची नक्कल तेव्हाच मोठा प्रश्न बनली होती.

मग आता नवीन काय घडले? पूर्वी नक्कल करायला मूळ प्रत लागे. ती कोणा मित्राची असे आणि दोन वह्या शेजारी ठेवल्या की चोरी पकडता येई. चॅटबॉटने दिलेल्या उत्तराला मूळ प्रतच नसते. एकच प्रश्न दहा जणांनी विचारला तर दहा वेगवेगळी उत्तरे मिळू शकतात. ‘मॉस’सारख्या प्रणालीचा आधारच त्यामुळे निसटतो. या बदलाची चाहूल चॅट जीपीटी येण्यापूर्वी लागली होती. २०२२ च्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक अभ्यासक्रमातील परीक्षेचे प्रश्न ‘कोडेक्स’ या प्रणालीला सोडवायला दिले गेले. ७१ विद्यार्थ्यांच्या वर्गात ती १७ व्या क्रमांकावर आली असती, असे आढळले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला चॅट जीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतरच्या प्रणाली कितीतरी अधिक सक्षम आहेत.

पकडण्याचा मार्ग बंद

पहिली प्रतिक्रिया अर्थातच पकडण्याची होती. यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारी साधने बाजारात आली. चॅट जीपीटी बनवणाऱ्या ओपन एआय या कंपनीने स्वतःच असे साधन जानेवारी २०२३ मध्ये उपलब्ध करून दिले. यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी केवळ २६ टक्के मजकूर आपले साधन ओळखू शकते आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकुरावर ते चुकून यंत्राचा शिक्का मारते, असे कंपनीनेच जाहीर केले होते. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन जुलैमध्ये ते मागे घेण्यात आले.

त्याच वर्षी स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशा सात साधनांची परीक्षा घेतली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी सरासरीने यंत्राच्या नावावर टाकले. मर्यादित शब्दसंग्रह आणि साधी वाक्यरचना हीच त्यांना यंत्राची खूण वाटली. हा अभ्यास निबंधांचा होता, प्रोग्रॅमचा नव्हे. तरीही गोव्यासाठी त्याचा अर्थ गंभीर आहे. येथील असंख्य मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीकडे वळतात. प्रकल्प अहवालातील त्यांची साधी, पाठ केल्यासारखी इंग्रजी वाक्ये पाहून एखाद्या साधनाने त्यांना अप्रामाणिक ठरवले, तर स्वतःची बाजू ती कोणासमोर आणि कोणत्या पुराव्यानिशी मांडणार?

संशयावर शिक्षा उभारली की काय होते, याचा धडा संगणक विभागांना फार पूर्वी मिळालेला आहे. अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात २००० साली प्रोग्रॅमिंगच्या प्राथमिक वर्गातील ७८ विद्यार्थ्यांवर गृहपाठाची नक्कल केल्याचा संशय घेण्यात आला. प्राध्यापकांनी संकेतस्थळावर ठेवलेले उत्तर त्यांनी घेतले, असे म्हणणे होते. चौकशी समितीने अखेर सर्वांवरील आरोप सोडून दिले. काही जणांनी नक्कल केली असावी, पण नक्की कोणी केली आणि कोणी केली नाही हे वेगळे काढण्याजोगा पुरावा नाही, असे समितीला आढळले. दोषी सुटले आणि निर्दोषांवरचा संशयही पुरता पुसला गेला नाही.

नियम आधी, शिक्षा नंतर

हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘सीएस ५०’ या प्रसिद्ध प्राथमिक अभ्यासक्रमाने वेगळा मार्ग धरला. कोणती मदत घेणे रास्त आणि कोणती नाही, याची उदाहरणांसह यादीच त्या अभ्यासक्रमाच्या नियमांत दिलेली असते. वर्गमित्राशी प्रश्नाची चर्चा करणे, आपल्या प्रोग्रॅममधील चूक शोधण्यासाठी तो दुसऱ्याला दाखवणे रास्त आहे. आपला गृहपाठ पूर्ण होण्यापूर्वी दुसऱ्याचे उत्तर मागणे रास्त नाही. २०१४ पासून त्यात एक कलम वाढवण्यात आले. विद्यार्थ्याने नियम मोडला, पण ७२ तासांच्या आत स्वतःहून कबूल केले, तर अभ्यासक्रमाच्या पातळीवर शिक्षा होईल, प्रकरण सहसा विद्यापीठाच्या शिस्त समितीकडे जाणार नाही. आधी चूक घडते ती बहुधा मध्यरात्री, मुदत संपत आलेली असताना, घाबरलेल्या अवस्थेत. सकाळी शुद्धीवर आलेल्या विद्यार्थ्याला परतीची वाट असावी, हा त्यामागचा हेतू आहे.

चॅटबॉट आल्यावर या अभ्यासक्रमाने बाहेरचे चॅटबॉट गृहपाठासाठी अमान्य ठरवले. त्यांच्या जागी २०२३ मध्ये स्वतःचा एक सहायक दिला, जो विद्यार्थ्याला दिशा दाखवतो पण थेट उत्तर हातात ठेवत नाही. एवढे सारे करूनही तेथील नक्कल थांबलेली नाही. स्पष्ट नियमांमुळे प्रत्येक जण प्रामाणिक होत नाही. मात्र ज्याला प्रामाणिक राहायचे आहे त्याला रेषा कोठे आहे हे कळते आणि ज्याच्यावर कारवाई होते त्याला ‘हे मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. आपल्याकडे एकच विद्यार्थी एका प्राध्यापकाकडून ‘चॅट जीपीटी वापरा, उद्योगात तेच चालते’ असे ऐकतो आणि पुढच्या तासाला दुसऱ्याकडून ‘वापरलेत तर शून्य देईन’ असे ऐकतो. लेखी स्वरूपात त्याच्या हाती दोन्हींपैकी काहीच नसते.

पेपरवरचा प्रोग्रॅम

दुसरा पर्याय म्हणून लेखी परीक्षेचा वाटा पुन्हा वाढवा, असे म्हटले जाते. पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, मोबाइल बाहेर ठेवून, पेन आणि उत्तरपत्रिका घेऊन विद्यार्थी बसला की यंत्राची मदत आपोआप बंद होते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, त्यामुळे परीक्षकाच्या मर्जीचा प्रश्न उरत नाही. हे दोन्ही गुण महत्त्वाचे आहेत आणि सत्रांत परीक्षा रद्द करण्याचा विचार कोणी करू नये.

मात्र कागदावर प्रोग्रॅम लिहिण्याला मर्यादा आहेत. जो प्रोग्रॅम चालवून पाहता येत नाही, त्यातील चूक शोधण्याचे कौशल्य तपासता येत नाही आणि प्रत्यक्ष कामात तर निम्मा वेळ चुका शोधण्यातच जातो. शिवाय दरवर्षी तेच दहा-पंधरा प्रोग्रॅम विचारले जात असतील तर विद्यार्थी ते श्लोकासारखे पाठ करतात. पाठ केलेला प्रोग्रॅम आणि यंत्राकडून उतरवून घेतलेला प्रोग्रॅम यांत समजुतीच्या दृष्टीने फारसा फरक नाही. लेखी परीक्षा उपयोगी ठरायची तर प्रश्नांचे स्वरूप बदलावे लागेल. छापील प्रोग्रॅम देऊन तो काय उत्तर देईल ते लिहायला सांगणे, त्यातील चूक दाखवायला सांगणे, एक अट बदलली तर कोणत्या ओळी बदलाव्या लागतील हे विचारणे, असे प्रश्न पाठांतराने सुटत नाहीत.

श्रेणी देण्याच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो. आयआयटीसारख्या संस्थांत सापेक्ष श्रेणीपद्धत रूढ आहे. वर्गातील इतरांच्या तुलनेत विद्यार्थी कोठे आहे, यावर त्याची श्रेणी ठरते. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात तिला काही अर्थ असतो. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या वर्गात ती लागू केली तर आपण किती शिकलो यापेक्षा शेजारी किती शिकला यावर श्रेणी ठरू लागेल आणि मित्राला चूक दाखवून देणारा स्वतःचेच नुकसान करून घेईल. लहान महाविद्यालयांना निरपेक्ष श्रेणीच योग्य आहे. पण निरपेक्ष श्रेणी गृहपाठाच्या फुगलेल्या गुणांपुढे असहाय असते. सर्वांनाच अंतर्गत गुण जवळजवळ पूर्ण मिळाले तर ते गुण कोणालाच वेगळे दाखवत नाहीत.

आठ मिनिटांची तोंडी परीक्षा

उत्तर शोधायला फार दूर जाण्याची गरज नाही. जर्नलबरोबरच आपल्याकडे तोंडी परीक्षा होती आणि आजही आहे. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक दोन-चार प्रश्न विचारतात. पुष्कळ ठिकाणी हा उपचार दोन मिनिटांत उरकला जातो आणि प्रश्नही व्याख्या सांगण्यापुरते असतात. हाच उपचार गंभीरपणे आणि सत्रभर विभागून केला तर गृहपाठाचा प्रश्न बराचसा सुटतो.

तत्त्व साधे आहे. गृहपाठ कोणाच्याही मदतीने करावा, पण गुण तो सादर केल्याचे नसावेत, समजावून सांगितल्याचे असावेत. विद्यार्थ्याने आपला प्रोग्रॅम समोर ठेवावा. प्राध्यापकांनी त्यातील एका ओळीवर बोट ठेवून ती तेथे का आहे हे विचारावे, ती काढली तर काय होईल हे विचारावे आणि एक लहान बदल तेथेच करून दाखवायला सांगावा. ज्याने प्रोग्रॅम स्वतः लिहिला आहे, त्याला हे जड जात नाही. ज्याने चॅटबॉटकडून घेऊनही नीट समजून घेतला आहे, त्यालाही जमते आणि त्याने काही शिकले आहे हे मान्य करायला हरकत नसावी. न वाचता उतरवलेल्याला पहिल्या मिनिटातच थांबावे लागते. कोणावर आरोप करावा लागत नाही, कोणते साधन वापरावे लागत नाही, समितीही नेमावी लागत नाही.

अडचण वेळेची आहे. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला प्रत्येकी आठ मिनिटे दिली तर आठ तास होतात. सत्रात तीन वेळा असे केले तर चोवीस तास. अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करायचे असते. म्हणजे एका वर्गाची तोंडी परीक्षा दीड आठवड्याच्या अध्यापनाइतकी होते. हा वेळ प्रात्यक्षिकांच्या तासांतून काढता येईल. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीचे दोन तासांचे प्रात्यक्षिक असेल तर दर आठवड्याला पाच विद्यार्थ्यांना मिळून चाळीस मिनिटे लागतील. चार आठवड्यांत तुकडी पूर्ण होईल आणि पंधरा आठवड्यांच्या सत्रात अशा तीन फेऱ्या बसतील. मात्र ती चाळीस मिनिटे बाकीच्या पंधरा जणांना मदत करणारा कोणीतरी प्रयोगशाळेत असायला हवा.

येथे धोरणाचा कस लागतो. गोव्यातील महाविद्यालयांत कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरील प्राध्यापक मोठ्या प्रमाणावर शिकवतात. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला घेतलेल्या व्याख्यानाचे मानधन मिळते, तोंडी परीक्षेच्या आठ मिनिटांचा हिशेब कोणी ठेवत नाही. ज्या कामाची नोंद नाही आणि मोबदला नाही, ते काम मनापासून व्हावे ही अपेक्षा किती काळ टिकणार? मूल्यमापनाचा वेळ अध्यापनाच्या भारात धरला गेला नाही तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे गृहपाठ गोळा करणे, सही करणे आणि वीसपैकी अठरा गुण देणे. आज अनेक प्राध्यापक याच मार्गाने जात असतील तर त्याचा दोष त्यांच्या एकट्यांचा नाही.

भाषा, लॅपटॉप आणि शेवटची बस

तोंडी परीक्षेवर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला पक्षपाताचा. समोरासमोर बसलेल्या विद्यार्थ्याचे नाव, आडनाव, गाव, बोलण्याची ढब हे सारे परीक्षकाला दिसते. त्यावर उपाय म्हणजे गुणांचे निकष आधीच छापून ठेवणे, विचारलेले प्रश्न आणि दिलेले गुण त्याच कागदावर नोंदवून विद्यार्थ्याची सही घेणे आणि तक्रार आल्यास दुसऱ्या प्राध्यापकाकडून फेरपरीक्षा घेण्याची सोय ठेवणे.

दुसरा आक्षेप भाषेचा. सांखळी, पेडणे किंवा काणकोणच्या गावातून आलेली मुलगी प्रोग्रॅम उत्तम लिहीत असेल, पण इंग्रजीतून तो समजावून सांगताना तिची जीभ अडखळेल. तिचे मौन अज्ञान समजले गेले तर तोंडी परीक्षा लेखीपेक्षाही अन्यायाची ठरेल. एप्रिल २०२३ मध्ये अनुदान आयोगाने विद्यापीठांना कळवले आहे की, अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी विद्यार्थ्यांना परीक्षेत स्थानिक भाषेतून उत्तरे लिहिण्याची मुभा द्यावी. लेखी उत्तराला जी मुभा देणे योग्य, ती तोंडी उत्तराला नाकारण्याचे कारण नाही. ‘ही लूप शेवटच्या संख्येपर्यंत जात नाही, म्हणून एक वाढवला’ हे वाक्य मराठीत सांगितले किंवा कोकणीत, त्यातील समजूत तीच असते आणि गोव्यातील बहुतेक प्राध्यापकांना ते कळते.

गृहपाठाच्या मुदतीचे नियमही या मुलीच्या बाजूने पाहिले पाहिजेत. ज्याच्या घरी स्वतःचा लॅपटॉप आणि चांगले इंटरनेट आहे, त्याला रात्री बारापर्यंतची मुदत पुरेशी असते. जिला महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच काम करावे लागते आणि कदंबची शेवटची बस गाठायची असते, तिच्यासाठी मुदत संध्याकाळीच संपते. उशीर झाला की थेट शून्य हा नियम तिला चॅटबॉटकडे ढकलतो. त्याऐवजी उशिराच्या प्रत्येक दिवसाला थोडे गुण कमी करणे, सत्रात दोन-तीन दिवसांची सवलत प्रत्येकाला कारण न विचारता देणे आणि सहा गृहपाठांपैकी सर्वांत कमी गुणांचा एक सोडून उरलेले धरणे, हे साधे नियम नक्कल करण्याचा मोह कमी करतात. शिस्त त्याने ढिली होत नाही, कारण शेवटी प्रोग्रॅम समजावून सांगावाच लागतो.

एका पानाचे काम

या सर्वांसाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने ठरवले तर संगणकाच्या प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाबरोबर एक पान जोडता येईल. गृहपाठ, चाचणी आणि सत्रांत परीक्षा यांचा वाटा किती. कोणत्या गृहपाठात यंत्राची मदत चालेल आणि कोणत्यात नाही. घेतलेली मदत कशी नमूद करायची. उशिराचा नियम काय. तोंडी परीक्षेचे निकष कोणते. ती कोणत्या भाषेत देता येईल. चूक स्वतःहून कबूल केल्यास काय होईल. निकाल मान्य नसल्यास कोणाकडे आणि किती दिवसांत दाद मागायची, एवढे त्यात असावे. हे पान सत्राच्या पहिल्या दिवशी विद्यार्थ्याच्या हाती पडले पाहिजे आणि सर्व महाविद्यालयांत त्याचा गाभा एकच असला पाहिजे. तपशील मात्र प्राध्यापकांवर सोडावेत, कारण प्रोग्रॅमिंगच्या पहिल्या विषयात यंत्र दूर ठेवणे जितके आवश्यक आहे, तितकेच अंतिम वर्षाच्या प्रकल्पात ते वापरायला शिकवणेही आवश्यक आहे.

या पानाला अर्थ यावा यासाठी दुसरे काम सरकार आणि महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांचे आहे. तोंडी परीक्षेचे तास अध्यापनाचा भाग म्हणून मोजले जावेत, तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना त्याचे मानधन मिळावे आणि प्रयोगशाळा संध्याकाळी आणखी दोन तास उघडी राहावी. खर्च येईल. पण शालेय मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची योजना राबवणाऱ्या राज्याला त्याच मुलांच्या पदवीची श्रेणी खरी असावी यासाठी हा खर्च करणे अवघड नसावे.

गोव्यातील संगणकाचे अनेक पदवीधर नोकरीसाठी पुणे, बंगळूर किंवा हैदराबादची वाट धरतात. तेथे मुलाखत घेणारा त्यांच्या महाविद्यालयाचे नाव ओळखत नसतो. तो गुणपत्रिकेवरील श्रेणी पाहतो, मग संगणक पुढे करून एक लहानसा प्रोग्रॅम लिहायला आणि समजावून सांगायला सांगतो. तीन वर्षांत हे कोणीच विचारले नसेल तर ‘ए प्लस’ मिळवलेला विद्यार्थी तेथे पहिल्यांदा अडखळतो आणि त्याच्यामागून येणाऱ्या, खरोखर शिकलेल्या मुलीच्या ‘ए प्लस’कडेही संशयाने पाहिले जाते. येत्या सत्रासाठी अभ्यासक्रम छापले जातील तेव्हा ते एक पान त्यांना जोडलेले असेल, तर निदान तिच्यावरचा हा अन्याय टळण्यास सुरुवात होईल.